मागच्या ब्रेकचं बिऱ्हाड

पुढचा ब्रेक हा आपल्याकडे दागिना आहे. तो हँडलला असतो, चमकतो, दसऱ्याला झेंडूची माळ अडकवायला बरा पडतो. पण तो दाबायचा नसतो. "पुढचा मारलास तर डोक्यावरून जाशील," हे वाक्य घरातल्या कुणातरी वडीलधाऱ्याकडून ऐकल्याशिवाय मुलाच्या हातात मोटारसायकलची चावी पडत नाही. पदार्थविज्ञानाचं म्हणणं नेमकं उलट आहे. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं, आणि हलकं झालेलं चाक जोरात धरलं तर चाक थांबतं, गाडी थांबत नाही. पण पदार्थविज्ञानाने घरातल्या थोरांपुढे कधी तोंड उघडलेलं नाही. शेवटी सरकारनेच माणसांचा नाद सोडला आणि एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना सक्ती केली: १२५ सीसीच्या वर एबीएस, त्याखाली एक ब्रेक दाबला की दोन्ही लागतील अशी जोडणी. म्हणजे छोट्या गाडीवर आता मागचाच दाबा, पुढचा आपला आपण लागेल. थोरांचा मान राहिला, चाकंही थांबली.

मामांच्या बुलेटला असलं काही नाही. साठच्या दशकातली ३५० सीसीची गाडी. मामा सांगायचे, ती त्यांनी सैन्याच्या लिलावातून घेतली. मामी सांगतात, कबाड्याकडून घेतली. दोन्ही खरं असावं, कारण आमच्या जबलपुरात लिलाव आणि गिऱ्हाईक यांच्या मधोमध कबाडी असतोच. या गाडीचं घराणं मूळ इंग्लंडातल्या रेडिचचं. पन्नासच्या दशकात आपल्या सैन्याने बुलेट पसंत केली, १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे १९७०च्या आसपास इंग्लंडातल्या मूळ घराला कुलूप लागलं, आणि मद्रासवाले मात्र, जणू त्यांना कुणी कळवलंच नाही, तीच गाडी बनवत राहिले.

जुनी बुलेट चालवायला बसणाऱ्याची पहिली परीक्षा मागचा ब्रेक शोधण्याची असते. तो डाव्या पायाशी असतो. उजव्या पायाशी गिअर, तेही पहिला वर उचलून आणि बाकीचे तीन खाली दाबून. त्यामुळे जन्मभर दुसऱ्या गाड्या चालवलेला माणूस समोर म्हैस आली की घाबरून उजवा पाय दाबतो, आणि गाडी थांबायच्या ऐवजी वरच्या गिअरमध्ये जाते. म्हशीला अर्थातच हा तपशील माहीत नसतो. उजवीकडेच टाचेपाशी आणखी एक छोटी दांडी असते. ती ब्रेक नाही, किक नाही, गिअरही नाही. ती दाबली की गाडी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रलला येते. दुनियेतली बहुतेक यंत्रं माणसाला पुढे न्यायला झटतात. या दांडीचा ध्यास त्याला कुठेच न नेण्याचा आहे. मला ती फार आवडते.

मामांची ही गाडी आता आमच्याकडे आहे. तिचा मागचा ब्रेक लागत नव्हता असं नाही. लागायचा, पण सर्वांचं मत घेऊन. अधारतालच्या चौकात दाबला की महाराजपूरच्या वळणाला परिणाम दिसे. म्हणून एका रविवारी मिस्त्रीला अंगणात बोलावून चाक उतरवलं.

मिस्त्री रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो आणि सुटीच्या दिवशी खाजगी रोगी तपासतो. त्याने पान्यांची पिशवी उपडी केली. या गाडीचे नट विलायती मापाचे, तेव्हा दहा-अकराचा पाना ढिला बसतो आणि बारा-तेराचा भलतीकडेच बघतो. तिथे सूतच चालतं. आठ सुतांचा इंच हा हिशोब शाळेत कुणी शिकवत नाही, पण जबलपुरात दुधाचे दात पडायच्या आत येतो. पायाच्या दांडीपासून मागे जाणारी लांब सळई, तिच्या टोकाचा हाताने फिरवायचा नट, त्या नटापुढची आडवी गोळी, हे सगळं निघालं. गोळी निघताच घरंगळत नालीकडे गेली. अशा गोळ्या नेहमी नालीकडेच जातात. उतार उलटा असला तरी जातात.

ड्रमचं झाकण उघडलं. आत काळी भुकटी. मिस्त्री फुंकर मारायला वाकला, त्याला मागून धरलं, कारण त्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते नाकात जाणं बरं नव्हे. ओल्या फडक्याने पुसून घेतलं. आत दोन अर्धचंद्रासारखे लोखंडी शू, त्यांवर लायनर, त्यांना एकमेकांकडे ओढणाऱ्या दोन स्प्रिंगा, एका बाजूला खुंटी आणि दुसऱ्या बाजूला कॅम. सहा इंची ड्रमचा एवढाच संसार. पायाने दाबलं की सळई ओढली जाते, कॅम फिरतो, शू फाकतात, ड्रमला घासतात. संपलं. यापेक्षा साधं यंत्र म्हणजे खुंटी आणि टोपी.

पण या संसारात पोटभाडेकरू निघाले.

पहिला, हबच्या आत. बुलेटच्या मागच्या हबमध्ये रबराचे ठोकळे असतात. चेनचा हिसका थेट चाकाला बसू नये, मधे थोडं लवचीक काहीतरी असावं, म्हणून. आमच्याकडे त्यातल्या दोन ठोकळ्यांच्या जागी निळ्या स्लिपरच्या टाचा कापून बसवलेल्या होत्या. एका टाचेवर कंपनीच्या नावाचं अर्धं अक्षर शाबूत होतं. मामा ज्या गाडीवरून रुबाबात हायकोर्टासमोरून जायचे, ती कुणाच्या तरी चपलेवर चालत होती. मिस्त्रीने ती टाच दाबून पाहिली, वास घेतला आणि आदराने म्हणाला, "पुराना माल है. आजकल की चप्पल में ये दम नहीं."

दुसरी, एक बारीक लांब स्प्रिंग. एक टोक ब्रेकच्या सळईला, दुसरं हवेत. ही लवकर उलगडली: ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागावा म्हणून तिचं दुसरं टोक बटणाला असतं. बटण नव्हतं. दिवाही नव्हता. स्प्रिंग मात्र इतकी वर्षं इमाने इतबारे ताणली जात होती. पेन्शन मंजूर झालं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिसरी, एक लोखंडी पट्टी. साधारण चोवीस सूत लांब, दोन भोकं, एक मोठं, एक लहान, मधे किंचित बाक. कॅमच्या दांड्यापाशी कॉटर पिन घालून टांगलेली. कशालाही जोडलेली नाही. हलवली की हलायची आणि परत जागेवर यायची. पट्टी नीट घडवलेली होती, कडा घासलेल्या, भोकांच्या आतली बाजू गुळगुळीत. कुणीतरी मन लावून केलेलं काम होतं. काय काम, हे तेवढं कळत नव्हतं.

आणि चौथी भानगड म्हणजे ढिलाई. कॅम ज्या छोट्या घरात फिरतो, ते घर झाकणाला दोन नटांनी धरलेलं असतं. नटांखाली चार जातींचे वायसर एकावर एक रचले होते आणि नट असे आवळले होते की मिस्त्रीला पान्यावर पाइप चढवावा लागला. नट निघाले तेव्हा दिसलं की झाकणातली भोकं गोल नाहीत, लांबट आहेत.

"घिस गया," मिस्त्री म्हणाला.

इथपर्यंत प्रकरण खाजगी होतं. पण महाराजपुरात उघडं पडलेलं चाक ही सार्वजनिक बाब आहे. विनोबांनी या शहराला संस्कारधानी म्हटलं असं सांगतात. खरं असेल, पण सकाळी सात वाजता गेटाकडे निघालेल्या सायकलींचे लोंढे ज्याने पाहिले, त्याला इथे निम्मं शहर फिटर आहे हे कळायला वेळ लागत नाही. १९०४ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी, १९६९ची व्हेईकल फॅक्टरी, सैन्याचं वर्कशॉप, वरून रेल्वे. नागपूर-वऱ्हाडाकडून नोकरीला आलेली आमच्यासारखी कितीतरी मराठी घरं या भोंग्यांच्या वेळेवर जेवली आहेत. निवृत्तीनंतर ही माणसं रिकामी असतात, पण त्यांचे हात रिकामे नसतात. आमच्या गल्लीत कुणाला नावाने हाक मारत नाहीत, फॅक्टरीने मारतात.

सगळ्यात आधी गन कॅरेजवाले, म्हणजे जीसीएफ काका आले. पट्टी हातावर तोलून पाहिली आणि क्षणात निकाल दिला, "हा रिकॉइलचा भाग."

"काका, ही मोटारसायकल आहे."

"ब्रेक आहे ना? मग रिकॉइल आलंच. तोफेचा गोळा पुढे जातो, नळी मागे येते, तिला धरायला रिकॉइल ब्रेक असतो. तू ब्रेक दाबतोस तेव्हा हिसका कुठे जातो, विचार केलास कधी?"

विचार केला नव्हता. काकांनी पुढची वीस मिनिटं १०५ मिलिमीटरच्या तोफेत तेल कसं बारीक भोकातून दाबलं जातं आणि धक्का कसा जिरतो ते समजावलं, आणि तिथून ते १५५ मिलिमीटरच्या धनुषवर गेले. धनुष २०१९ साली सैन्याकडे गेली तेव्हा काकांनी गल्लीत पेढे वाटले होते. त्यांना स्वतःला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण लेक सासरी जाताना बाप निवृत्त आहे का, हे कोणी विचारत नाही. सगळं खरं होतं, पाठ होतं, आणि पट्टीशी त्याचा संबंध लावायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

व्हेईकल काकांना तोफा आवडत नाहीत, कारण तोफा ओढून नेणाऱ्या गाड्या त्यांनी बनवल्या. त्यांचं मत पडलं की पट्टी गाडीची नव्हेच. "शक्तिमानला अशी पट्टी नव्हती. निस्सानला नव्हती. जोंगाला नव्हती." जोंगा या नावातली पहिली दोन अक्षरं जबलपूर ऑर्डनन्सची आणि पुढची गन कॅरेजची, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, मिस्त्रीला सांगितलं, मिस्त्रीने मान डोलावली, कारण तो चौथ्यांदा ऐकत होता. लांबट भोकांवर मात्र त्यांनी ठोस उपाय काढला: भोकं वेल्डिंगने भरायची, नव्याने गोल पाडायची. "इंडस्ट्रियल एरियात माझा माणूस आहे, संध्याकाळपर्यंत करून देईल."

खमरिया काका फाटकातूनच बोलले. "हातोडी खाली ठेवा आधी. कशाची आहे ते माहीत नाही ना? मग तिच्यावर ठोकायचं नाही. आमच्याकडे हा पहिला नियम." त्यांनी सगळ्यांना दहा पावलं मागे सरायला लावलं. अंगण आठ पावलांचं असल्यामुळे व्हेईकल काका तुळशीवृंदावनाला टेकले.

रेल्वेचे आजोबा खुर्ची घेऊनच आले होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलंही नाही. त्यांचा आक्षेप मुळावर होता. "तुमच्या गाडीत काही तुटलं तर काय होतं? ब्रेक जातो. आमच्या गाडीत नळी तुटली तर काय होतं? ब्रेक लागतो. व्हॅक्यूम असो की हवेचा दाब, डबे सुटले की आपोआप धरले जातात. हे तुमचं काय? सळई निसटली की रामनाम. बांधणीच उलटी आहे." १८७० साली मुंबईकडची आणि कलकत्त्याकडची लाईन याच जबलपुरात एकमेकींना भेटली, तेव्हापासून रेल्वेचा माणूस इथे अधिकारवाणीनेच बोलत आला आहे. आजोबांच्या आक्षेपावर कुणाकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी अंगणात बोललं गेलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य होतं, आणि त्याचाही पट्टीशी काही संबंध नव्हता.

मला या मंडळींचं कौतुक एका गोष्टीसाठी वाटतं. "माहीत नाही" असं कुणी म्हटलं नाही. पट्टी बिचारी मुकी. तिच्यावरून प्रत्येकाने आपापलं खातं उघडलं. दुपारपर्यंत तिच्याकडे एक हुद्दा होता, एक बडतर्फी आणि एक सुरक्षाविषयक सूचना. आमच्या घरातून चहाच्या तिसऱ्या फेरीबरोबर चौथं मत आलं: "इतकी वर्षं चालत होतं ना? मग बसवा परत आणि अंगण मोकळं करा. पापड घालायचेत."

मी भोकं वेल्डिंगला पाठवणार, इतक्यात भाच्याने मोबाईलवर रेडिचच्या काळचं दुरुस्तीचं पुस्तक आणि सुट्या भागांची वही काढली. ही वही पाहण्यासारखी असते. चित्रात अख्खा ब्रेक हवेत उलगडून ठेवलेला. नट, वायसर, स्प्रिंग, शू, एका तुटक रेषेवर शिस्तीत तरंगत, कुठे डाग नाही, गंज नाही. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला नाव. नालीत गेलेल्या गोळीलाही. निळ्या टाचा अर्थातच नव्हत्या. पट्टीही नव्हती. मी दोनदा पाहिलं, भाच्याने चित्र मोठं करून पाहिलं, जीसीएफ काकांनी दुसरा चष्मा घालून पाहिलं. रेडिचच्या हिशोबी ही पट्टी जन्मलीच नव्हती.

लांबट भोकं मात्र होती. चित्रात अशीच, नवीकोरी असतानाच लांबट. आणि दुरुस्तीच्या पुस्तकात त्यावर चार ओळी होत्या, त्यांचा मथितार्थ असा की कॅमचं घर मुद्दाम सरकतं ठेवलेलं आहे. नट इतकेच आवळा की ते खडखडणार नाही, पण सरकू शकेल.

त्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. दोन शूंपैकी एकाला फिरता ड्रमच आपल्याकडे ओढून घेतो. तो जितका घासतो तितका आणखी घट्ट बसतो, आणि ब्रेकचं खरं काम तोच करतो. दुसऱ्याला तोच ड्रम परत ढकलत असतो. कॅमचं घर पक्कं आवळलं तर दोघांना सारखंच अंतर चालावं लागतं, आणि पायाचा बराचसा जोर त्या ढकलल्या जाणाऱ्या शूलाच रेटण्यात जातो. घर सरकतं असेल तर दोघांवर जोर सारखा पडतो आणि ओढला जाणारा शू मनापासून राबतो. तो लवकर झिजतो, दुसरा नव्यासारखा राहतो. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही हे आकृतीशिवाय समजेल.

म्हणजे इतकी वर्षं ज्या ज्या सज्जनाने हा ब्रेक उघडला, त्याने हे नट हलताना पाहिले, चुकचुकला, एक वायसर वाढवला आणि पाइप लावून आवळले. चार जातींचे वायसर म्हणजे चार पिढ्यांची कर्तव्यदक्षता. ब्रेक बिघडला होता तो दुर्लक्षाने नव्हे, काळजीने.

हे अंगणात वाचून दाखवलं तेव्हा शांतता पसरली. मुद्दाम ढिलं ठेवायचं, ही कल्पना आमच्या शहराच्या रक्तात नाही. इथे ढिला नट म्हणजे मेमो. व्हेईकल काका म्हणाले, "छापताना चुकलं असेल." रेल्वेच्या आजोबांनी मात्र बाजू घेतली: रुळांच्या सांध्यात फट ठेवायचेच की, उन्हाळ्यात लोखंड वाढतं म्हणून! यावर फिशप्लेटपासून सलग जोडलेल्या रुळांपर्यंत चर्चा गेली आणि पापड दुसऱ्या दिवसावर गेले.

मिस्त्रीने पुस्तकाप्रमाणे नट लावले. लावताना त्याच्या मनगटाची जी घालमेल झाली ती पाहवत नव्हती. पाना शेवटच्या पाव फेऱ्याकडे ओढ घेई, तो हात मागे घेई. नवे रबरी ठोकळे गुरंदीच्या बाजारातून आणले, लाल दिव्याचं बटणही आणलं, आणि स्प्रिंगला इतक्या वर्षांनी ओढायला काहीतरी मिळालं. गोळी भाच्याने नालीतून काढली. तिच्याबरोबर आणखी दोन गोळ्या निघाल्या, त्या आमच्या नव्हत्या. ब्रेक आता चौकात दाबला की चौकातच लागतो.

पण ढिलं ठेवलेलं काही इथे ढिलं राहत नाही. गाडी फाटकाशी उभी असली की येणारा-जाणारा वाकतो, नट बोटाने हलवून बघतो आणि बेल वाजवतो. "अहो, तुमचा नट सुटतोय." मी समजावतो. तो ऐकतो, माझ्याकडे दयेने बघतो आणि जातो. नटांवर मी पिवळा रंग लावून पाहिला. त्याने एवढंच झालं की लोक आता लांबूनच ओळखतात कुठले नट ढिले आहेत, आणि पाना घरूनच घेऊन येतात.

पट्टी उरली. ती काढून गाडी चालवली, काही फरक पडला नाही. लावून चालवली, तरी नाही. मिस्त्रीने पैसे घेताना विचारलं, "बड्डे, ये पट्टी आपके काम की नहीं है ना? हमको दे दो. किसी की गाड़ी में लग जाएगी."

मी दिली. त्याने ती डालड्याच्या डब्यात टाकली. डब्यात तशा बऱ्याच होत्या.

परवा अधारतालला पोहे-जलेबीच्या गाड्यापाशी एक जुनी जावा उभी दिसली, तांबडी, टाकीवर क्रोम, सुरेख ठेवलेली. तिचा तरुण मालक मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. ब्रेकच्या दांड्यापाशी नव्या कॉटर पिनेत चोवीस सूत लांबीची ओळखीची पट्टी डुलत होती, आता तिच्यावर छान काळा रंगही होता. मालकाने तिला बोटाने हलवलं. ती हलली आणि परत जागेवर आली. त्याने वर पाहिलं. "दादा, तुम्ही जुन्या गाड्यांतले दिसता. हे काय असतं हो?"

मी चष्मा पुसला, वाकलो, पट्टी हातावर तोलून पाहिली.

"रिकॉइल," मी म्हणालो.